उणे तिसात सुरू झाला पाहिजे: एम३५ए२ लष्करी ट्रकच्या प्रकल्प नोंदी

२८ सप्टेंबर २०२४

ट्रक आवारात उतरला. १९७२ चा एम३५ए२, ए एम जनरलनं बांधलेला. तीन ॲक्सल, तिन्हींना ताकद, दहा टायर, रिकामं वजन सहा टनांच्या घरात. अमेरिकी सैन्यातून निघाल्यावर मिनेसोटातच एका कंत्राटदाराकडे राबला आणि मग बरीच वर्षं शेडमध्ये उभा होता. चेसिस सरळ आहे, कॅबच्या तळाला थोडा गंज आहे, ताडपत्रीच्या चिंध्या झाल्यात. कामाचा ट्रक आहे आणि मला कामालाच हवा होता.

काम काय, ते आधी लिहून ठेवतो. आम्ही मिनेसोटात, डुलूथ शहराच्या उत्तरेला राहतो. आमच्या जागेच्या मागच्या अंगाला दलदल आहे आणि तिच्यात ब्लॅक ॲशची झाडं आहेत. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगेरा या भागात पसरलाय. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे करतात आणि झाड काही वर्षांत उभ्याउभ्या मरतं. लाकूड चांगलं आहे तोवर झाडं काढून घरामागच्या करवतीपाशी आणायची आहेत. उन्हाळ्यात त्या दलदलीत माणूसच गुडघ्यापर्यंत रुततो. तिथे गाडी जाईल अशी वाट मिळते ती फक्त जानेवारी-फेब्रुवारीत, जमीन कडक गोठल्यावर. म्हणजे वर्षातल्या ज्या दिवसांत जुनं डिझेल इंजिन सर्वांत जास्त अडून बसतं, नेमके तेच दिवस मला हवेत.

म्हणून या प्रकल्पात रंग, मोठे टायर, पॉवर स्टीअरिंग असलं काही येणार नाही. हा ट्रक उणे तीस अंशांत, जंगलात, विजेचा खांब जवळ नसताना सुरू झाला पाहिजे. सगळे पैसे आणि वेळ त्यावर.

आज १४ अंश होते. बराच वेळ सेल मारल्यावर सुरू झाला. आधी दाट पांढरा धूर, मग निळसर, मग जवळजवळ साफ. टर्बोची शिटी मात्र पहिल्या मिनिटापासून खणखणीत.

५ ऑक्टोबर

दिवसभर तांत्रिक पुस्तिका वाचली आणि इंजिनाशेजारी उभा राहून एकेक नळी ओळखून काढली. पुढचं सगळं काम या इंजिनाच्या स्वभावावर ठरणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिन एलडीटी-४६५. एका रांगेत सहा सिलिंडर, ७.८ लिटर, २६०० फेऱ्यांना साधारण १३० अश्वशक्ती. टर्बो आहे, पण तो ताकदीपेक्षा धूर कमी करण्यासाठी जोडलेला. कॉम्प्रेशन २२ ला १, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबून बाविसाव्या भागात बसवली जाते. डिझेलच्या मानानंही हे बरंच. हे मल्टिफ्युएल इंजिन आहे. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, अडचणीत पेट्रोलसुद्धा चालावं अशा हिशेबानं घडवलेलं, कारण युद्धात पुढच्या ठाण्यावर कोणतं पिंप मिळेल याची खात्री नसते.

हे जमतं कसं, त्याची गंमत पिस्टनमध्ये आहे. नेहमीच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात नोझल डिझेलचा फवारा तापलेल्या हवेत उडवतं. इथे पिस्टनच्या डोक्यात एक गोल वाटी आहे आणि बहुतेक डिझेल त्या वाटीच्या भिंतीवर पातळ थरानं पसरतं. भिंत तापलेली असते. थर तिच्यावरून वाफ होऊन सुटतो, घुमणाऱ्या हवेत मिसळतो आणि टप्प्याटप्प्यानं जळतो. त्यामुळे ठोका मऊ पडतो आणि इंधनाच्या जातीचे फारसे लाड करावे लागत नाहीत. ही पद्धत १९५० च्या दशकात जर्मनीतल्या मान कंपनीत सिगफ्रिड मॉयरर यांनी विकसित केली. कॉन्टिनेंटल कंपनीनं अमेरिकी सैन्यासाठी इंजिन केलं तेव्हा ती उचलली आणि इकडे तिला हायपरसायकल हे नाव पडलं.

आता थंडीत काय होईल ते उघड आहे. भिंत बर्फासारखी गार असेल तर थराची वाफच होत नाही. डिझेल वाटीत ओलं बसून राहतं आणि न जळता पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. सिलिंडर आतून तापवणारे ग्लो प्लगही यात नाहीत. बॅटरी कितीही मोठी लावली, स्टार्टर कितीही जोरात फिरवला, तरी लोखंड गार आहे तोवर हे इंजिन मनापासून पेटणार नाही. हौशी मालक थंडीचं नाव निघालं की आधी बॅटऱ्यांवर खर्च करतात. मला वाटतं, या इंजिनाला आधी ऊब द्यावी आणि मग सेल मारावा. पुढच्या नोंदी याच क्रमानं होतील.

१२ ऑक्टोबर

आज दसरा. इथला झेंडू पहिल्या कडाक्यातच करपला, म्हणून दुकानातून कुंडी आणून चार फुलं पुढच्या जाळीला बांधली. पाने, जॅक, साखळ्या सगळं फळीवर मांडून पूजा केली आणि दुपारी टाकीला हात घातला.

टाकी ५० गॅलनची, म्हणजे जवळजवळ १९० लिटर, आणि निम्म्याहून जास्त भरलेली. आधीच्या मालकानं उन्हाळ्यात भरली होती. मिनेसोटात उन्हाळ्यात पंपावरच्या डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल असतं आणि ऑक्टोबरपासून ५ टक्के. बायोडिझेल लवकर गढूळतं. त्यातले मेणासारखे कण शून्याच्या आसपासच दिसू लागतात आणि गाळणीच्या कागदावर साय धरावी तसे जमतात. साधं २ नंबरचं उन्हाळी डिझेलही उणे दहाच्या आसपास तेच करतं. असलं डिझेल टाकीत ठेवून वर कितीही रसायन ओतलं तरी जानेवारीत भरवसा नाही.

म्हणून सगळं पिंपात काढलं. ते पुढच्या उन्हाळ्यात वापरीन. टाकीच्या तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ होता. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढतात, हा त्यांचाच उद्योग. टाकी उतरवून धुतली, टाकीतला विजेवर चालणारा पंप आणि त्याची जाळी साफ केली. तिन्ही फिल्टर नवे घातले. पहिल्या फिल्टरच्या तळाला पाणी सोडायची तोटी आहे. हिवाळ्यात ती रोज सोडायची, असं शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं.

आता टाकीत फक्त १ नंबरचं डिझेल, जवळजवळ रॉकेलच. महाग आहे, लिटरमागे ताकद थोडी कमी देतं, पण इथल्या थंडीत ते गोठत नाही. ते पातळ असल्यामुळे पंपातले भाग झिजतील अशी भीती काही जण घालतात. हे इंजिन पातळ इंधनासाठीच घडवलंय, तेव्हा मी निर्धास्त आहे. इंधन पातळ असलं तर जास्त सोडणारा एक छोटा भाग पंपाला जोडलेला असतो, फ्युएल डेन्सिटी कॉम्पेन्सेटर. जुना झाला की गळतो म्हणून बरेच लोक तो काढून टाकतात. माझा कोरडा आहे, तो राहील.

१९ ऑक्टोबर

वीज. ट्रक २४ व्होल्टचा, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. बॅटऱ्या तशा बऱ्या निघाल्या, पण सेल सुस्त होता. मल्टीमीटर घेऊन मोजलं. सेल मारताना बॅटरीच्या टोकांवर २०.५ व्होल्ट, स्टार्टरच्या टोकावर १७. मधले साडेतीन व्होल्ट वायरी आणि सांधे गरम करण्यात जात होते. बाहेरून रबर धड दिसतं, सोलून पाहिलं तर आत तांब्याचा हिरवा भुगा.

नव्या जाड केबल ओढल्या, टोकांना धातूचे लग दाबून बसवले, वर उष्णतेनं आवळणारी नळी. अर्थिंग चेसिसवरून सोडून थेट इंजिन ब्लॉकवर घेतलं. रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं आणि नट आवळल्यावर ग्रीस फासलं. आता फरक अर्ध्या व्होल्टच्या आत. स्टार्टरचा आवाजच बदलला.

नवी बॅटरी घेण्याआधी हे मोजून पाहा, एवढं प्रत्येक जुन्या ट्रकवाल्याला हात जोडून सांगावंसं वाटतं. पाच मिनिटं लागतात.

आणखी एक. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी इथल्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल जवळजवळ पाणीच होतं आणि उणे दहाच्या आसपास गोठून डबा फोडू शकतं. म्हणून बॅटरी तोडायचा मोठा स्विच बसवला आणि शेडमध्ये असताना चार्जर कायम जोडलेला राहील अशी सोय केली.

२ नोव्हेंबर

आजचा पूर्ण दिवस फ्लेम हीटरला दिला.

हा भाग बऱ्याच ट्रकांवरून गायब असतो, माझ्यावर अजून होता. हवेच्या मॅनिफोल्डमध्ये एक छोटं नोझल, शेजारी स्पार्क प्लग, त्याला स्वतंत्र कॉइल. डॅशवरचा स्विच दाबला की नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडतं, प्लग तो पेटवतो आणि सिलिंडरकडे जाणारी हवा ज्वाळेतून तापून जाते. सेल मारताना दाबायचा आणि इंजिन सुरू झाल्यावरही ठोके सरळ होईपर्यंत अधूनमधून दाबत राहायचा.

लोक तो काढतात त्याला कारण आहे. इंधन बंद ठेवणारा सोलेनॉइड म्हातारपणी गळतो आणि थेंब थेंब डिझेल मॅनिफोल्डमध्ये साचतं. ते सिलिंडरमध्ये उतरलं तर पिस्टन द्रवावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन चालू असताना हेच डिझेल मनाविरुद्ध वेग वाढवू शकतं. माझा सोलेनॉइड काढून टेबलावर तपासला. वीज नसतानाही पाझरत होता.

तरीही हीटर ठेवायचं ठरवलं. सोलेनॉइड नवा, नळ्या नव्या, आणि सोलेनॉइडच्या आधी हातानं फिरवायची पितळी तोटी. एप्रिल ते ऑक्टोबर तोटी बंद. हिवाळ्यातही फक्त सुरू करण्यापुरती उघडायची. कॉइलची ठिणगी उजेडातही दिसण्याइतकी जोरकस निघाली. नोझल पेट्रोलमध्ये भिजवून बारीक तारेनं साफ केलं.

संध्याकाळी ट्रक पाहायला शेजारी आले. भला माणूस. ईथरचा, म्हणजे अडलेलं इंजिन पेटवायला हवेच्या वाटेत मारतात त्या ज्वालाग्राही फवाऱ्याचा, डबाच घेऊन आले होते, “दोन सेकंद फवार, लगेच उठेल” म्हणाले. या ट्रकजवळ ईथर येणार नाही, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. २२ च्या कॉम्प्रेशनला ईथर पिस्टन वर पोचण्याच्या फार आधी पेटतो आणि उलटा तडाखा देतो. त्यात रिंगा तुटतात, पिस्टनची कड उडते. शिवाय मॅनिफोल्डमध्ये उघडी ज्योत असताना ईथर मारणं म्हणजे तोंडासमोर स्फोट. डबा त्यांच्या हाती परत दिला. त्यांनी रागावून घेतलं नाही.

१० नोव्हेंबर

ऑइल बदललं. १५डब्ल्यू-४० काढून थंडीत जास्त पातळ राहणारं सिंथेटिक ५डब्ल्यू-४०. कूलंटमध्ये अँटिफ्रीझचं प्रमाण ६० टक्क्यांवर नेलं. ५० टक्क्यांचं मिश्रण उणे ३७ पर्यंत पुरतं, पण मला हाताशी जागा हवी. ब्लॉकला १००० वॉटचा विजेचा हीटर आणि ऑइल पॅनखाली २५० वॉटची चिकटपट्टी, दोन्ही शेडमध्ये असतानासाठी.

१७ नोव्हेंबर

मामांना फोन. मामा साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे, ज्या गावाला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात तिथले, आणि ईएमईतून, म्हणजे भारतीय सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, हवालदार म्हणून निवृत्त. त्यांची ऐन उमेदीची वर्षं शक्तिमान ट्रकांखाली गेली, त्यातला मोठा काळ लेहकडे. शक्तिमानही मानच्याच परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला तयार होत होता. म्हणजे मामांचा ट्रक आणि माझा ट्रक यांचं आजोळ एकच. हे सांगितल्यावर त्यांचा आवाज लगेच वीस वर्षांनी तरुण झाला.

“मामा, तुम्ही सकाळी गाड्या कशा उठवायचा?”

“उठवायच्या कशाला? झोपू द्यायच्याच नाहीत. रात्री पाळी लावलेली असायची, ठराविक वेळानं इंजिन फिरवायचं. आणि फिरवायचं म्हणजे गरम होऊ द्यायचं. दोन मिनिटं चालवून बंद केलीस तर उलट बॅटरी खाल्लीस.”

त्यांच्या बाकीच्या गोष्टी क्रमानं लिहून घेतल्या. बॅटऱ्या रात्री काढून माणसांबरोबर बुखारीच्या, म्हणजे शेगडीनं तापवलेल्या, खोलीत. रेडिएटर रिकामा करून सकाळी उकळत्या पाण्यानं भरायचा, पाणी गार झालं की सोडून पुन्हा गरम भरायचं, ब्लॉक हाताला कोमट लागेपर्यंत. डिझेलमध्ये रॉकेल. चेंबरखाली, म्हणजे ऑइल पॅनखाली, स्टोव्ह, पण एक माणूस पाण्याची बादली घेऊन बाजूला उभा. सेल मारताना क्लच दाबलेलाच हवा, नाहीतर गिअरबॉक्समधलं घट्ट तेलही स्टार्टरलाच घुसळावं लागतं. आणि गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाला दगड लावायचा, कारण ओले ब्रेक शू ड्रमला गोठून चिकटतात.

लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते मामांना ठाऊक होतं. “आमच्या वेळी असतं तर माझे गुडघे आज बरे असते,” म्हणाले. रात्रभर गाडीखाली स्टोव्ह सांभाळत बसलेला माणूस हे पूर्ण गांभीर्यानं म्हणतो, हे मी मानतो.

मामांच्या यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट ऊब लोखंडात नेऊन ठेवण्याची आहे. उकळत्या पाण्याचा रेडिएटर हेच तत्त्व मला यंत्रानं करायचंय.

३० नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी या कामासाठी राखली होती. डिझेलवर चालणारा कूलंट हीटर बसवला. ५ किलोवॅटचा, २४ व्होल्टचा, ट्रक-बसमध्ये बसवतात त्यातला. सैन्याकडे या ट्रकांसाठी अतिथंड प्रदेशाचा खास संच असे. त्यात इंधन जाळून कूलंट तापवणारा हीटर, त्या कूलंटवरच उबणारी बॅटरीची पेटी, बॉनेटवर जाड पांघरूण आणि रेडिएटरसमोर झाकण. तो संच आता मिळणं कठीण आणि मिळाला तरी सुटे भाग नाहीत. म्हणून त्याचीच रचना नव्या हीटरनं केली.

आधी हिशेब मांडला. इंजिन साधारण ७०० किलो लोखंड, कूलंट ४० लिटरच्या आसपास. दोन्ही मिळून एक अंश तापवायला सुमारे ४५० किलोज्यूल. ५ किलोवॅट तासाभरात १८,००० किलोज्यूल देतो, म्हणजे कागदावर ४० अंश. वारा, थंड चेसिस, नळ्या यांत पाव भाग जाईल असं धरलं तर तासाला ३० अंश. उणे तीसहून निघालो तर तासाभरात शून्याला आणि दीड तासात १५ च्या वर. हजार वॉटच्या विजेच्या हीटरचा हाच हिशेब तासाला सहा-आठ अंशांचा. तो रात्रभर हवा, आणि जंगलात खांब कुठून आणणार?

जोडणी अशी. ब्लॉकच्या खालच्या तोटीतून कूलंट पंपात, तिथून हीटरमध्ये, तिथून बॅटरीच्या पेटीतल्या सपाट पोकळ पत्र्यातून आणि मग कॅब हीटरच्या नळीनं हेडमध्ये परत. गरम कूलंट आधी बॅटरीला आणि मग इंजिनाला जावं की उलट, यावर बराच विचार केला. बॅटरीला थोडीच ऊब लागते पण ती लवकर लागते, म्हणून ती आधी. उणे १८ ला शिसे-आम्लाच्या बॅटरीचा जोर निम्म्याच्या आसपास उरतो. पंधरा अंशांची ऊबही तिला पुष्कळ. पत्रा आणि बॅटरी यांच्यामध्ये रबराचा थर ठेवला, तळ एकदम तापू नये म्हणून.

हीटरला स्वतःची दहा लिटरची टाकी, तीही १ नंबरच्या डिझेलची. धुराची नळी कॅबपासून लांब, चेसिसच्या बाहेर. सुरू होताना हीटर थोडी जास्त वीज घेतो, नंतर पंप आणि पंख्यापुरतीच, आणि बॅटरी उबत असल्यामुळे तेवढं परवडतं.

बॉनेटसाठी जुन्या लष्करी ब्लँकेटचे दोन थर, वर ताडपत्री, कडेनं शिलाई. शिलाई बायकोच्या मशीनवर केली, सुई मोडली, नवी आणून दिली.

१२ डिसेंबर

पहिली खरी परीक्षा. संध्याकाळी शेडबाहेर उणे २२. मुद्दाम ट्रक आदल्या रात्रीपासून बाहेर, वारा लागेल असा उभा केला होता. विजेचा हीटर जोडला नाही.

कूलंट हीटर तासभर चालवला. ब्लॉकवर चिकटवलेला सेन्सर अधिक ७ दाखवत होता. हिशेब जवळपास तंतोतंत उतरला, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. फ्लेम हीटरची तोटी उघडली, क्लच दाबला, स्विच दाबून सेल मारला. चारेक सेकंदांत पकडला. धूर आला, पण शेड दिसेनाशी होण्याइतका नाही. हीटरचा स्विच थोडा वेळ अधूनमधून दाबत राहिलो आणि सहाही ठोके सरळ झाले.

मग हँड थ्रॉटल ओढून १००० ते १२०० फेऱ्यांवर ठेवला. थंड इंजिन ६५०-७०० च्या आयडलवर सोडलं तर ते गरमच होत नाही. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंती धुऊन ऑइलमध्ये उतरतं आणि एक्झॉस्टमधून काळं पाणी गळतं. दुसऱ्या टोकाला, थंड इंजिन रेस करणं त्याहून वाईट. टर्बोच्या बेअरिंगला ऑइल पोचायला वेळ लागतो, आणि या मालिकेची इंजिनं २६०० फेऱ्यांच्या वर नेली की कनेक्टिंग रॉड तोडून बाहेर टाकतात.

२८ डिसेंबर

आठवडाभर उबदार, शून्याच्या आसपास. ब्रेककडे वळलो.

इथे हायड्रॉलिक ब्रेकला हवेची मदत असते. हवेच्या टाकीत दमट हवा दाबली जाते, पाणी साचतं, थंडीत वाल्वमध्ये गोठतं आणि मदत बंद पडते. पाय कितीही जोरात दाबला तरी सहा टन थांबत नाहीत. टाक्या रोज उघडून सोडायच्या. त्याशिवाय हवेच्या वाटेत अल्कोहोलची वाफ सोडणारी बाटली बसवली. वायपरसुद्धा हवेवरच चालतात, त्यांनाही तिचा उपयोग.

ब्रेक ऑइल सिलिकॉनचं आहे, सैन्यानं पुढे तेच रुळवलं. ते पाणी शोषत नाही, हा गुण थंडीत उलटतो. आत गेलेलं पाणी मिसळत नाही, सगळ्यात खालच्या जागी थेंब होऊन बसतं आणि गोठतं. चारही बाजूंनी, म्हणजे खरं तर सहाही चाकांपाशी, ब्रेकची हवा काढताना तळचं ऑइल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरलं. मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरमधून पाण्याचे मणी निघाले. तो सिलिंडर बदलला.

२० जानेवारी २०२५

सोमवार, मार्टिन लूथर किंग दिनाची सुट्टी. पहाटे उणे ३१.

ट्रक काल दुपारीच दलदलीच्या कडेला नेऊन ठेवला होता, रात्रभर उघड्यावर. मामांनी सांगितल्याप्रमाणे हँडब्रेक सोडलेला, चाकांना ओंडके. पहाटे स्नोशूवर चालत गेलो. बॉनेटवर बर्फाचा थर, स्टीअरिंग सिमेंटमध्ये रोवल्यासारखं. दाराचं हँडल हातमोज्यातूनही बोचत होतं.

कूलंट हीटर पहिल्यांदा पेटला नाही, धुराच्या नळीच्या तोंडात बर्फ बसला होता. तो काठीनं काढल्यावर दुसऱ्या फेरीत पेटला. ब्लॅंकेट खाली सोडून बाजूंनी बांधलं. पाऊण तासानं ब्लॉक उणे ९, तासाभरानं उणे ३, दीड तासानं अधिक ११. वारा नव्हता, तरी हिशेबापेक्षा थोडा मागेच पडला. त्या गारठ्यात डिफरन्शियलपर्यंत सगळं लोखंड ऊब ओढून घेत असणार.

बॅटरीच्या पेटीत थर्मामीटर अधिक ५. सेल मारताना बॅटरीवर २१ व्होल्टच्या खाली गेलं नाही. क्लच दाबून, फ्लेम हीटरसकट सेल मारला. आधी दोन सिलिंडर, मग चार, मग टर्बोची शिटी चढत गेली आणि सहाही आले. मी एकटाच होतो आणि मोठ्यानं ओरडलो.

हवेचा दाब यायला मात्र फार वेळ लागला. इशाऱ्याचा बझर थांबेपर्यंत ट्रक हलवला नाही. गिअर दुसऱ्यात पडेना, तेल मधासारखं झालं होतं. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून गिअरबॉक्स घुसळू दिला, मग पडला. पहिले शंभर मीटर ट्रक ठोकरत चालला, कारण जुन्या बांधणीचे नायलॉनचे टायर रात्रीत जिथे टेकले तिथे चपटे होतात आणि गोल व्हायला वेळ घेतात.

दुपारपर्यंत ॲशचे ओंडके घरामागे. दलदलीची वाट दगडासारखी होती. रेडिएटरचं झाकण पूर्ण बंद ठेवूनही इंजिन ७० अंशांच्या वर जायला तयार नव्हतं.

संध्याकाळी मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं: “क्लच दाबला होतास ना?”

२१ जानेवारी

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा वाल्व, काढून गरम पाण्यात टाकून पाहिला. अर्धवट उघडाच राहत होता. काल इंजिन गरम का होत नव्हतं ते कळलं. नवा बसवला.

१८ फेब्रुवारी

पुन्हा कडाका, उणे २८. आता हे नित्याचं काम झालंय. पहाटे हीटर लावायचा, चहा घेऊन यायचं, सेल मारायचा. थर्मोस्टॅट बदलल्यापासून इंजिन ८० च्या वर जातं आणि कॅबमध्ये बोटं हलतात.

गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक घातलं. आतले पितळी भाग खाणार नाही अशाच दर्जाचं, डब्यावर नीट वाचून घेतलं. दुसरा गिअर आता पहिल्या प्रयत्नात पडतो. डिफरन्शियलचं तेल अजून जुनंच आहे.

शेजारच्यांनी त्यांच्या नव्या पिकअपला दोर बांधून ओढायला बोलावलं. तिच्या फिल्टरमध्ये डिझेल गोठलं होतं. ओढत शेडमध्ये आणली, फिल्टर बदलला, टाकीत १ नंबरचं घातलं. या वेळी त्यांनी ईथरचा डबा काढला नाही. उलट कूलंट हीटर कुठे मिळतो ते विचारलं. त्यांना जोडणीचा कागद काढून दिला.

९ मार्च

दुपारी अधिक ६. दलदलीच्या कडेला पाणी दिसू लागलंय, वाट बंद. जवळच्या रस्त्यांवरही आता बर्फ वितळण्याच्या काळातली वजनाची बंधनं लागतील.

आज फ्लेम हीटरची पितळी तोटी बंद केली आणि तिला तार बांधून टाकली. कूलंट हीटर मात्र उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा चालवायचा, नाहीतर त्याचं नोझल कार्बननं बुजतं.

राहिलेली कामं: तिन्ही डिफरन्शियलचं तेल. समोरच्या ॲक्सलची उजवी सील, थोडी पाझरते. टर्बोला जाणारी ऑइलची नळी, वरचा कापड-रबराचा थर तडकलाय. हीटरच्या धुराच्या नळीला खाली वळणारं तोंड, बर्फ बसू नये म्हणून. पिंपातलं जुनं डिझेल गाळून मेमध्ये टाकीत. आणि शेवटच्या रांगेतली वीसेक ॲशची झाडं, जी पुढच्या जानेवारीत काढायची.